आईबाबांच्या बीपीच्या गोळ्या आता तुम्ही बघणार असाल तर

गोळ्यांची पिशवी आपल्याकडे कधी आली हे नेमकं सांगता येत नाही. आई एखादी गोळी विसरायला लागते, किंवा बाबा रुग्णालयातून घरी येतात ते चार वेगवेगळ्या चिठ्ठ्या घेऊन, आणि 'आता तू बघ' हे कुणी न बोलताच ठरून जातं. माझ्याकडे ती पिशवी आली तेव्हा आई ७८ वर्षांची होती. यात बघायचं काय, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असं मला वाटलं होतं. पुढच्या तीन महिन्यांत ती दोनदा पडली. दोन्ही दिवशी वहीत बीपी अगदी छान लिहिलेलं होतं.

त्या वहीत काय लिहायचं राहून गेलं होतं, ते सांगायला हा लेख. मी डॉक्टर नाही. डोस वाढवणं, कमी करणं, गोळी बदलणं किंवा बंद करणं हे डॉक्टरांचंच काम. पण ते त्यांना नीट करता यावं म्हणून घरून जी माहिती जावी लागते, ती आपणच गोळा करायची असते.

पहिलं काम: सगळं टेबलावर ओता

फक्त बीपीच्या गोळ्या नाहीत. सांधेदुखीची, झोपेची, प्रोस्टेटची, सर्दीची, कपाटात पडून राहिलेली अर्धी स्ट्रिप, डोळ्यांत घालायचे थेंब, कुणी सुचवलेला काढा, सगळं. डोळ्यांच्या थेंबांचं नाव वाचून नवल वाटेल, पण काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब थोडे रक्तात उतरतात आणि नाडी मंद करू शकतात. बीपीसाठी त्याच जातीची गोळी चालू असेल तर दोन्हींचा परिणाम एकत्र होतो.

मग एका कागदावर चार रकाने आखा: औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यायचं, कशासाठी. मूळ नाव म्हणजे गोळीतल्या औषधाचं नाव, पाकिटावर ते पुष्कळदा बारीक अक्षरात असतं. नजरेत भरणारं नाव पुष्कळदा कंपनीने ठेवलेलं असतं आणि खरा घोळ तिथेच होतो. आई एकदा रुग्णालयातून आली तेव्हा तिथल्या चिठ्ठीवर एक नवी गोळी होती. घरातली जुनी कुणी बंद करायला सांगितली नव्हती, म्हणून तीही चालू राहिली. एक पांढरी, एक पिवळसर. बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं की दोन्ही टेल्मिसार्टनच. तिला तोवर अकरा दिवस दुप्पट डोस जात होता.

आणखी एक पाहा: एका गोळीत दोन किंवा तीन औषधं असू शकतात. कागदावर ती वेगवेगळ्या ओळींत लिहा. 'आई एकच गोळी घेते' हे पुष्कळदा फक्त आकारापुरतं खरं असतं.

मग त्या गोळ्यांची घराणी ओळखा

नावाच्या शेवटावरून बरंच कळतं. ही ओळख अभ्यासासाठी नाही. एखादा त्रास सुरू झाला की तो वयाचा की गोळीचा, ही शंका आपल्या मनात वेळेवर यावी, एवढ्यासाठी आहे.

'डिपिन'ने संपणाऱ्या गोळ्या, म्हणजे मुख्यतः अ‍ॅम्लोडिपिन, रक्तवाहिन्या सैल करतात. घोट्यांना सूज येणं हा त्यांचा नेहमीचा उपद्रव. डोस जितका मोठा तितकी सूज जास्त. १० मिलिग्रॅमवर ती ५ पेक्षा बरीच अधिक दिसते. इथे एक साखळी सुरू होते, ती वेळीच ओळखायला हवी. सूज दिसते, कुणीतरी लघवी वाढवणारी गोळी देतं, त्या गोळीने रात्री चारदा उठावं लागतं, पोटॅशियम उतरतं, पायात पेटके येतात, पेटक्यांसाठी आणखी काही सुरू होतं. मूळ कारण मात्र अ‍ॅम्लोडिपिनच असतं, आणि ही सूज अंगात पाणी जास्त झाल्यामुळे आलेली नसते. बारीक धमन्या उघडल्यामुळे द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. सूज दिसली की डॉक्टरांना नवीन गोळी मागण्याआधी 'ही अ‍ॅम्लोडिपिनची असेल का?' एवढा प्रश्न विचारा. अर्थात पायाची सूज हृदय, मूत्रपिंड किंवा शिरांमुळेही येते. ती एकाच पायाला असेल किंवा सोबत धाप लागत असेल तर घरी तर्क करत बसू नका.

'प्रिल'ने संपणाऱ्या गोळ्यांचा (एनालाप्रिल, रामिप्रिल, पेरिंडोप्रिल) त्रास म्हणजे कोरडा, घशात खवखवणारा खोकला. तो गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही सुरू होतो, म्हणून कुणी गोळीकडे बोट दाखवत नाही आणि घरात कफ सिरपच्या बाटल्या साठत जातात. या खोकल्यामागची गोष्ट मजेशीर आहे. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषात असे पदार्थ सापडले की ते शरीरातल्या ब्रॅडिकायनिन या द्रव्याचा परिणाम वाढवतात. त्यांच्या अभ्यासातूनच कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बीपी उतरण्यात त्या ब्रॅडिकायनिनचा थोडा हात असतो आणि खोकल्याचं खापरही मुख्यतः त्याच्यावरच फुटतं. 'सार्टन' घराणं (टेल्मिसार्टन, लोसार्टन) वेगळ्या जागी काम करतं, म्हणून खोकला झालेल्यांना बहुधा त्यावर नेलं जातं. 'प्रिल'बाबत आणखी एक लक्षात ठेवा: ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर ती आणीबाणी आहे, गोळी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली असली तरीही.

लघवीच्या गोळ्या म्हणजे क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड, इंडापामाइड. ज्येष्ठांना त्या चांगल्या लागू पडतात, पण त्या रक्तातलं सोडियम उतरवू शकतात, विशेषतः वयस्कर बायकांमध्ये आणि पुष्कळदा सुरुवातीच्या आठवड्यांतच. सोडियम उतरलं की माणूस गळून जातो, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळतो. घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' गोळी नवी असेल आणि गोंधळही नवा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. साधी रक्ततपासणी उलगडा करते.

'लॉल'वाल्या गोळ्या (अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल) नाडी मंद करतात. त्या बहुधा हृदयाच्या कारणासाठी दिलेल्या असतात. त्या एकदम बंद करायच्या नाहीत, ही गोष्ट कागदावर लाल पेनाने लिहून ठेवा. अचानक थांबवल्या तर नाडी आणि बीपी उसळतं, छातीत दुखू शकतं. क्लोनिडिन या बीपीच्या दुसऱ्या एका गोळीचंही असंच, किंबहुना जास्तच. आणि प्राझोसिन, टेराझोसिन, प्रोस्टेटसाठीचं टॅम्सुलोसिन ही मंडळी उभं राहिल्यावर बीपी खाली पाडण्यात पुढे. प्रोस्टेटची गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली असते आणि बीपीवाल्या डॉक्टरांना तिचा पत्ताच नसतो, म्हणून तो चार रकान्यांचा कागद दोघांनाही दाखवायचा.

मोजायचं कसं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या चुकांवर डोस ठरतात.

मशीन दंडावर पट्टा बांधायचं असावं. मनगटाच्या मशीनवर हाताच्या उंचीचा फार परिणाम होतो. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा खोटा चढतो. तपासणीच्या अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, जिना चढणं काही नको. लघवी करून यायचं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वर दोन बोटं. पाच मिनिटं शांत बसणं आणि मोजताना गप्प राहणं. हे शेवटचं आमच्याकडे सगळ्यात अवघड गेलं. पट्टा फुगायला लागला की आईला हमखास काहीतरी आठवतं.

पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर आकडा जास्त, तोच हात पुढे कायम. दोन्हींत १५ पेक्षा जास्त फरक सतत येत असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

सात दिवस मोजा: सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यातलं १४०/९० म्हणजे घरचं साधारण १३५/८५ धरतात, कारण दवाखान्यात बऱ्याच जणांचं बीपी नुसत्या वातावरणाने चढतं. नाडी अनियमित असेल तर मशीनचा एकेक आकडा बेभरवशाचा असतो. तिथे दोनाऐवजी तीन-चार वेळा मोजून सरासरी घ्या आणि नाडीबद्दल डॉक्टरांना जरूर सांगा.

सात दिवस झाले की मशीन कपाटात. रोज दहादा मोजणाऱ्या माणसाचं बीपी मशीनच्या धास्तीनेच वाढलेलं मी पाहिलंय.

आता जे वहीत नव्हतं ते: उभं राहून

माणूस उभा राहतो तेव्हा अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत दाब ओळखणाऱ्या जागा असतात. त्या लगेच इशारा देतात, हृदय जोरात धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि आपल्याला काही कळतही नाही. वयाबरोबर हा इशारा संथ होतो. त्यात बीपीची गोळी नेमक्या त्या आवळण्याला किंवा धडधडीला लगाम घालणारी असते. म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाचा आकडा उत्तम असतो आणि तोच माणूस रात्री बाथरूमच्या दारात उभा राहतो तेव्हा डोक्याला रक्त कमी पडतं.

आईचं बसून ११८ यायचं. मी खूश. दुसऱ्यांदा पडल्यावर डॉक्टरांनी तिला माझ्यासमोर उभं केलं आणि परत मोजलं: ९४.

म्हणाले, "रात्री कितीदा उठतात?"

मला ठाऊक नव्हतं. आईने सांगितलं, तीनदा. लघवीची गोळी मी तिला संध्याकाळी देत होतो, कारण सकाळच्या कप्प्यात आधीच खूप गोळ्या होत्या.

तर पद्धत अशी. आधी पाच मिनिटं आडवं पडून, जमत नसेल तर बसून, बीपी मोजा. मग उभं करा. उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा, हात त्याच उंचीवर आधार देऊन. मागे खुर्ची ठेवा आणि शेजारी कुणीतरी उभं राहा; तोल गेला तर आई किंवा बाबा खुर्चीत बसले पाहिजेत, पडता कामा नयेत. वरचा आकडा २० किंवा जास्त, किंवा खालचा १० किंवा जास्त उतरला तर ती नोंद डॉक्टरांकडे जायलाच हवी, चक्कर येत नसली तरीही. वहीत प्रत्येक दिवसापुढे दोन रकाने करा: बसून आणि उभं. गोळी सुरू केली, बदलली, वाढवली की त्यानंतरच्या आठवड्यात उभ्याचा रकाना रिकामा राहता कामा नये.

आकडा उतरतो म्हणून स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नका. चढलेलं, हाताबाहेरचं बीपीसुद्धा ही घसरण वाढवतं, त्यामुळे कधी नीट उपचारानेच ती कमी होते. कुठली गोळी काढायची, कुठली वेळ बदलायची, हे यादी बघूनच ठरतं. आमच्याकडे लघवीची गोळी सकाळी गेली, आणखी एक डोस अर्धा झाला.

तोवर घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. झोपेतून उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पावलं वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवायची, मगच उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावर लगेच चालायचं नाही. बाथरूमच्या वाटेवर रात्री दिवा. बाबांनी रात्री बसून लघवी करावी. हे सांगताना घरोघरी वाद होतो, पण सांगाच. जेवणानंतर तास-दोन तास बीपी आणखी उतरू शकतं, म्हणून भरपेट जेवून लगेच उन्हात किंवा गरम पाण्याच्या आंघोळीला नको.

किती असायला हवं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि एका आकड्यात उत्तर नसलेला प्रश्न. वय वाढतं तशा मोठ्या धमन्या ताठर होतात, वरचा आकडा चढतो आणि खालचा पुष्कळदा उतरतो. १७०/७० दिसलं की 'खालचं तर चांगलंय' असं म्हणू नका. ज्येष्ठांत धोका मुख्यतः वरच्या आकड्यात असतो.

एके काळी वाटायचं की म्हातारपणी बीपी चढणारच, उतरवायची गरज नाही. १९९१ मध्ये शेप नावाच्या अभ्यासात साठीपुढच्या ४,७३६ लोकांना क्लोरथॅलिडोनवर आधारित उपचार किंवा नुसती खोटी गोळी देऊन पाहिली. औषधवाल्यांत पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. २००८ मध्ये हायव्हेट अभ्यासाने ८० च्या पुढच्या ३,८४५ लोकांना घेऊन तोच प्रश्न विचारला. तिथे लक्ष्य होतं १५०/८०, म्हणजे फार कडक नव्हे, आणि तरीही एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. त्यामुळे 'या वयात कशाला गोळ्या' हे वाक्य घरातल्या कुणी टाकलं तर या दोन अभ्यासांची आठवण करून द्या.

२०१५ च्या स्प्रिंट अभ्यासात वरचा आकडा १२० च्या खाली आणण्याचा फायदा दिसला, ७५ च्या पुढच्यांतही. मात्र त्यात कुणाला घेतलं नव्हतं हे वाचण्यासारखं आहे: मधुमेही, आधी पक्षाघात झालेले, शुश्रूषागृहात राहणारे, आणि ज्यांचा वरचा आकडा उभं राहिल्यावर ११० च्या खाली जायचा ते. शिवाय बीपी फार उतरणं, बेशुद्ध पडणं, मूत्रपिंडाला त्रास होणं हे प्रकार १२० वाल्या गटात जास्त झाले. आपली आई त्या अभ्यासात बसली असती का, हे आधी पाहायला हवं.

संस्थांचे आकडेही म्हणूनच वेगळे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या सूचनांत ८० च्या आत दवाखान्यात १४०/९० च्या खाली आणि ८० पासून पुढे १५०/९० च्या खाली असं आहे. अमेरिकेच्या २०१७ च्या सूचनांत धडधाकट ज्येष्ठांसाठी वरचा आकडा १३० च्या खाली. तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा: 'आमच्यासाठी बसून किती आणि उभं राहून किमान किती?' दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

रोजचं घेणं

सकाळ की रात्र? ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर झालेल्या टाइम अभ्यासात (२०२२) सकाळी घेणाऱ्यांत आणि संध्याकाळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात वगैरेंमध्ये फरक दिसला नाही. म्हणजे जी वेळ विसरली जाणार नाही ती धरा. लघवीची गोळी मात्र सकाळी, कारण उघड आहे.

कप्प्यांची डबी घ्या आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, यादी समोर ठेवून भरा. डबीचा खरा उपयोग 'आज घेतली का?' या प्रश्नासाठी. एखादी गोळी राहिली आणि लवकर लक्षात आलं तर त्या दिवशी घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. अ‍ॅम्लोडिपिन रक्तात इतकं रेंगाळतं (निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास) की एका चुकलेल्या गोळीने आकाश कोसळत नाही. याच कारणाने त्याचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो. दुसऱ्याच दिवशी 'काही फरक नाही' म्हणून फोन करू नका.

गिळता येत नाही म्हणून गोळी कुटायची असेल तर आधी विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम सुटतो. निफेडिपिनच्या काही गोळ्यांचं टरफल शौचात जसंच्या तसं दिसतं; औषध आतून निघून गेलेलं असतं, घाबरण्यासारखं काही नाही.

ज्या गोष्टी गोळीवर पाणी फिरवतात

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या बीपी चढवतात. 'प्रिल' किंवा 'सार्टन' अधिक लघवीची गोळी अधिक ही तिसरी, असं त्रिकूट मूत्रपिंडाला फार महागात पडतं. गुडघे दुखले की काय घ्यायचं हे आधीच विचारून यादीत लिहून ठेवा. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलेफ्रिन असतं, तेही बीपी वाढवतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरंच असतं. ज्येष्ठमध रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं.

कमी सोडियमचं मीठ हा वेगळाच सापळा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. 'प्रिल', 'सार्टन' किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अंगात राखणारी लघवीची गोळी) चालू असताना, त्यात मूत्रपिंड कमजोर असेल तर, पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं, आणि वाढलेलं पोटॅशियम पुष्कळदा काही लक्षण न दाखवता हृदयाचा ठोका बिघडवतं. विचारल्याशिवाय ते मीठ नको. साधं मीठ कमी करणं मात्र बहुतेकांना चालतं.

उलट्या-जुलाबाचे दिवस

जुलाब, उलट्या, ताप येऊन खाणंपिणं बंद, अशा दिवशी शरीर कोरडं पडलेलं असतं आणि गोळ्या मात्र नेहमीच्या चालू. बीपी कोसळतं, मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही. अशा दिवसांत डॉक्टर लघवीची गोळी आणि 'प्रिल'/'सार्टन' पुष्कळदा तात्पुरत्या थांबवायला सांगतात. पण हे रविवारी रात्री अकरा वाजता कुणाला विचारणार? पुढच्या भेटीत आधीच विचारा: 'असं झालं तर कुठल्या थांबवायच्या, कधी परत सुरू करायच्या?' उत्तर यादीच्या मागच्या बाजूला लिहा. आमच्या यादीवर ते आहे आणि एकदा उपयोगी पडलं.

रक्ततपासणी

सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन. 'प्रिल', 'सार्टन' किंवा लघवीची गोळी सुरू करण्याआधी, सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही आठवड्यांत, आणि मग डॉक्टर सांगतील तशी. 'प्रिल' किंवा 'सार्टन' सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढलं तर ते लगेच वाईट नसतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर बहुधा चालवून घेतात. जुने रिपोर्ट फेकू नका, तुलनेला तेच लागतात.

केव्हा धावायचं

वरचा आकडा १८० च्या वर किंवा खालचा १२० च्या वर दिसला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूची शक्ती जाणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, गोंधळ, दिसेनासं होणं यातलं काही असेल तर रुग्णवाहिका बोलवा, वाट बघू नका. पक्षाघाताची लक्षणं असतील तर आकडा कितीही असो, तेच करा.

काहीच लक्षण नसेल तर शांत बसवा, पाच मिनिटांनी परत मोजा. तरीही तेवढाच असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. जास्तीची गोळी द्यायची नाही, जिभेखाली काही ठेवायचं नाही. पूर्वी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची पद्धत होती; त्याने बीपी इतकं झपकन उतरायचं की पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आले, म्हणून ती सोडून दिली गेली. डोकं आपटून पडणं, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना, बरं वाटत असलं तरी दाखवायलाच हवं.

गोळ्या कमी करता येतात का, हेही विचारा

वजन उतरलं, खाणं कमी झालं, चालणं थकलं, की चार वर्षांपूर्वीचा डोस आज जास्त होऊ शकतो. २०२० मध्ये आलेल्या ऑप्टिमाइझ अभ्यासात ८० च्या पुढच्या ५६९ जणांना घेतलं होतं, वरचा आकडा १५० च्या आत असलेले आणि दोन किंवा अधिक बीपीच्या गोळ्या घेणारे. निम्म्यांची एक गोळी देखरेखीखाली काढली. बारा आठवड्यांनी त्यांच्यातले ८६ टक्के १५० च्या आत होते, आणि ज्यांच्या गोळ्या तशाच ठेवल्या त्यांच्यातले ८८ टक्के. प्रत्येकाला हे जमेल असं नाही. हृदय कमजोर असेल तर तीच गोळी हृदयासाठीही लागते. पण प्रश्न विचारायला हरकत नाही, आणि वहीतला 'उभं' हा रकाना भरलेला असेल तर डॉक्टर त्या प्रश्नाकडे जास्त गांभीर्याने बघतात, हा माझा अनुभव.

भेटीला जाताना तीन गोष्टी न्या: यादी, वही आणि घरचं मशीन. मशीन त्यांच्या मशीनशेजारी ठेवून एकदा ताडून घ्या. निघताना नवी चिठ्ठी हातात आली की तिथेच, दारातून बाहेर पडायच्या आधी, एक प्रश्न: 'यातली कुठली जुनीच्या जागी आहे आणि कुठली जुनीच्या जोडीला?' उत्तर यादीवर लिहा. घरी आल्यावर ज्या बंद झाल्या त्या स्ट्रिपा त्याच दिवशी घरातून बाहेर काढा. आई त्या जपून ठेवते, 'लागतील कधीतरी' म्हणून, त्यामुळे हे काम तिला दुपारची झोप लागल्यावर करावं लागतं.